भावनांचें सारथ्य

आपल्याकडील घरांत मुलास चार शब्द समजूं लागले कीं त्याच्या कानांवर जीं पहिलीं उपदेशवाक्यें पडतात, त्यांत "राग आवर" आणि "रडूं नको" हीं दोन हमखास असतात. पुढें मुलगी सासरीं जावयास निघाली म्हणजे तिला "मन मोठें ठेव" असें सांगतात, मुलगा नोकरीवर रुजू झाला म्हणजे "वरिष्ठांपुढें जीभ आवर" असें बजावतात, आणि घरांत मृत्यूचा प्रसंग आला म्हणजे कर्त्या पुरुषाच्या पाठीवर हात ठेवून "आतां तूंच खचलास तर कसें व्हावयाचें?" असें विचारतात. सल्ला बहुधा योग्यच असतो. परंतु आवरावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें क्वचितच कोणी सांगतो. भावना मारून टाकावयाची, ती लपवावयाची, कीं तिला हातीं धरून कामास लावावयाची? या तीनही क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत चेहरा शांत असतो. त्यांचीं फळें मात्र इतकीं भिन्न आहेत कीं एकीनें घर उभें राहतें, तर दुसरीनें तेंच घर आंतून पोखरलें जातें.

या प्रश्नाचा विचार करूं लागलें कीं आमच्या डोळ्यांपुढें वऱ्हाडच्या पश्चिमेकडील एक मुलूख उभा राहतो. जालन्याहून मेहकरकडे निघालें म्हणजे वाटेंत सिंदखेड राजा लागतें, त्यापुढें किनगांव राजा, आणि मग दुसरबीड. बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा तालुक्याचें हें गांव. भोंवतालीं शेतकऱ्यांची वस्ती. कपाशी, तूर, सोयाबीन हीं पिकें. पाऊस वेळेवर आला तर सुकाळ, नाहीं तर उसनवारी. येथें जो सहकारी साखर कारखाना निघाला, त्यास जिजामातेचें नांव देण्यांत आलें होतें. कारखाना पुढें बंद पडला; परंतु त्या नांवाचा या भागांतील मान तसूभरहि कमी झाला नाहीं. दरवर्षीं १२ जानेवारीस सिंदखेड राजास माणसांची रीघ लागते. लखुजी जाधवरावांचा वाडा, मोती तलाव, आणि जाधवरावांची भव्य समाधि हीं सर्व तेथें आजहि पाहावयास मिळतात. दुसरबीडकरास शिवचरित्र केवळ पुस्तकांत शोधावें लागत नाहीं; तें शेजारच्या गांवीं दगडाचुन्यांत उभें आहे.

त्या समाधीपाशींच आमच्या विषयाचें मूळ आहे. जिजाबाई जाधवरावांची लेक आणि भोसल्यांची सून. निजामशाही दरबारांत एकदां खंडागळे यांचा हत्ती बिथरला. त्या गर्दींत जाधव व भोसले समोरासमोर आले आणि क्षणांत तरवारी निघाल्या. लखुजींचा पुत्र दत्ताजी मारला गेला. लगेच त्याचा सूड म्हणून विठोजी भोसल्यांचा पुत्र संभाजी मारला गेला. खुद्द शहाजीराजे सासऱ्याच्या हातून जखमी झाले. एका हत्तीच्या निमित्तानें उसळलेल्या रागानें दोन घराणीं वैरी झालीं, आणि त्या वैराच्या मधोमध एक सून उभी राहिली. माहेरचा भाऊ गेला, सासरचा दीर गेला, आणि पतीच्या अंगावरील घाव वडिलांनीं केलेला! आपल्या घरांतील मानपानाच्या भांडणांनीं ज्यांचा जीव मेटाकुटीस येतो त्यांनीं या स्थितीचा क्षणभर विचार करावा.

पुढें २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत लखुजी जाधवरावांचा, त्यांच्या अचलोजी व राघोजी या पुत्रांचा आणि यशवंतराव या नातवाचा दगा देऊन वध करण्यांत आला. जिजाबाई त्या वेळीं गरोदर होत्या. त्यानंतर सात महिने पुरे होण्याच्या आंत, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. या सात महिन्यांत त्यांच्या मनांत काय चाललें असेल, हें वाचण्याचा आधार एकच, आणि तो म्हणजे त्यांची पुढील कृति. पित्याच्या वधाचें दुःख एखादी स्त्री जन्मभर कुरवाळीत बसली असती तर तिला कोणी नांवें ठेविलीं नसतीं. मुलाच्या मनांत केवळ सूडाचें बीज पेरलें असतें तरी तें स्वाभाविक ठरलें असतें. जिजाबाईंनीं या दोन्हीहून निराळा मार्ग धरला. उजाड पडलेलें पुणें त्यांच्या देखरेखीखालीं पुनः वसलें. रयतेचे तंटे त्यांच्यापुढें येऊं लागले आणि त्यांचे निवाडे होऊं लागले. ज्या राजवटींत भर दरबारीं विश्वासघात होतो, तिच्या जागीं न्यायाची राजवट असावी, असें त्या दुःखाचें रूपांतर झालें. दुःख तेंच राहिलें. त्याचा अर्थ मात्र बदलला, आणि अर्थ बदलतांच त्यांतून बळ निर्माण झालें.

याचा दुसरा पडताळा १६६४ सालीं येतो. त्या वर्षाच्या जानेवारींत होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून शहाजीराजे निवर्तले. वार्ता राजगडास पोंचतांच जिजाबाईंनीं सती जाण्याचा निश्चय केला. सभासद बखरींत वर्णन आहे कीं महाराजांनीं मातेची नानापरींनीं विनवणी केली, आणि आपला पराक्रम पाहावयास आतां दुसरें कोण उरलें आहे, अशा अर्थाचें बोलणें केलें. या विनवणीकडे बारकाईनें पाहावें. "रडूं नको" असें त्यांत नाहीं. "दुःख विसर" असेंहि नाहीं. शोक मान्य करून, त्या शोकाशेजारीं एक कर्तव्य आणून ठेविलें आहे. मातोश्री राहिल्या, आणि दोनच वर्षांनीं महाराज आग्र्यास अडकले तेव्हां स्वराज्याच्या कारभारावर नजर ठेवण्यास त्या होत्या, ही गोष्ट आपण सर्व जाणतोंच.

आतां भावना आवरण्याच्या पुढची पायरी पाहूं, ती म्हणजे भावनेचा हेतुपूर्वक उपयोग. १६५९ सालीं अफजलखान विजापुराहून निघून वाईस येऊन बसला. त्याच सुमारास, ५ सप्टेंबर रोजीं, राजगडावर सईबाईंचा अंत झाला होता. घरांत दोन वर्षांचें मूल आईवांचून पोरकें, आणि दारांत शत्रु! अशा वेळीं महाराजांनीं पंताजी गोपीनाथ यांच्यामार्फत खानाकडे जें बोलणें लाविलें, त्याचा आशय असा कीं आपण फार भ्यालों आहों, वाईस येण्याचें धैर्य होत नाहीं, तरी खानानेंच जावळींत येऊन अभय द्यावें. शूर पुरुषानें आपणांस भित्रा म्हणवून घ्यावें, यास मनाचा केवढा ताबा लागतो! अभिमानास एक क्षणहि मोकळें सोडलें असतें तर ते खानाच्या सोयीच्या मैदानावर जाऊन लढले असते. भीति दाखविली म्हणून खान निष्काळजी झाला आणि डोंगरांत शिरला. १० नोव्हेंबर रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं काय घडलें तें मुलांसहि ठाऊक आहे. येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खरी भीति महाराजांस मुळींच नव्हती असें समजण्याचें कारण नाहीं. अंगांत चिलखत घालून जाणारा पुरुष धोक्याची पुरी जाणीव ठेवूनच जातो. खऱ्या भीतीनें त्यांस सावध केलें, आणि दाखविलेल्या भीतीनें शत्रूस बेसावध केलें.

परंतु थोर पुरुषांचाहि लगाम प्रत्येक वेळीं हातीं राहतो असें नाहीं. १२ मे १६६६ रोजीं आग्र्याच्या दरबारांत मागच्या रांगेंत उभें केल्यामुळें महाराजांचा संताप अनावर झाला. त्यांनीं बादशहाकडे पाठ फिरविली आणि खिलतहि नाकारली. स्वाभिमानाच्या दृष्टीनें हें शोभून दिसलें. पण त्याचें तात्कालिक फळ म्हणजे नजरकैद. त्यानंतरचे तीन महिने हे मनोनिग्रहाचा खरा धडा आहेत. जो पुरुष भर दरबारांत कडाडला, तोच आतां आजाऱ्याचें सोंग घेऊन शांतपणें पडून राहिला, मिठाईचे पेटारे वाटूं लागला, आणि १७ ऑगस्ट रोजीं पहाऱ्यांतून निसटला. एकदां सुटलेला राग पुनः म्यानांत घालतां येतो, एवढें जरी यावरून आपण शिकलों तरी पुष्कळ झालें.

याच्या उलट प्रसंग नेसरीचा. १६७३ सालीं सरनौबत प्रतापराव गुजर यांनीं बहलोलखानास हातीं सांपडूनहि सोडून दिलें. खान पुनः चालून आल्यावर महाराजांनीं त्यांस कडक शब्दांत लिहिलें कीं त्याचा पाडाव केल्यावांचून तोंड दाखवूं नये. शब्द योग्य होते, राग न्याय्य होता; पण तो ज्या मनावर पडला तें मन अत्यंत मानी होतें. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं फौजेची वाट न पाहतां, अवघ्या सहा स्वारांनिशीं प्रतापराव खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातहि वीर कामास आले. त्या वीरश्रीस आम्ही मस्तक लववितोंच. तथापि स्वराज्यानें राज्याभिषेकाच्या तोंडावर आपला सेनापति गमाविला, हें विसरतां येत नाहीं. पुढें महाराजांनीं प्रतापरावांची कन्या राजारामांस करून घेतली. रागाच्या एका पत्राचें मोल कधीं कधीं असें आयुष्यभर फेडावें लागतें. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांस "आतां मला तोंड दाखवूं नकोस" हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं नेसरी आठवावी.

इतिहासानें जें दाखविलें त्याचेंच पृथक्करण अलीकडील मानसशास्त्रानें केलें आहे. अमेरिकेंतील जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञानें १९९८ सालीं असें मांडलें कीं भावनेस वळण देण्याच्या पांच जागा आहेत. पहिली, प्रसंग निवडणें: दोघे भाऊ दिवसभर राबून घरीं आले असतां वाटणीचा विषय न काढणें. दुसरी, प्रसंगाचें रूप बदलणें: विषय काढावाच लागला तर वडील मामांस मध्यें बसविणें. तिसरी, लक्ष वळविणें: रागाचा शब्द मनांत घोळूं लागतांच हातीं कांहीं काम घेणें. चौथी, अर्थ बदलणें: सासूबाई आज टोचून बोलल्या त्याचें कारण सुनेचा द्वेष नसून रात्रभर ठणकणारे गुडघे असतील, असा विचार करणें. आणि पांचवी, भावना पूर्णपणें उसळल्यावर ती चेहऱ्यावर येऊं न देणें, म्हणजे ओंठ चावून गप्प बसणें.

आपल्या घरांतील सारी शिकवण बहुधा या पांचव्या जागेवरच खर्च होते, आणि नेमकी तीच जागा सर्वांत महाग पडते. ग्रॉस व त्याचा सहकारी रॉबर्ट लेव्हन्सन यांनीं १९९३ सालच्या प्रयोगांत कांहीं लोकांस किळस आणणारे चित्रपट दाखविले आणि चेहऱ्यावर कांहीं न दाखविण्यास सांगितलें. चेहरे शांत राहिले. परंतु आंतील किळस कमी झाली नाहीं, आणि शरीरावरील ताण उलट वाढला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत तर असें आढळलें कीं दोन व्यक्ति बोलत असतां एकीनें भावना दाबून धरल्या तर समोरच्या व्यक्तीचाहि रक्तदाब वाढतो. म्हणजे गिळलेला राग एकट्याच्याच पोटांत राहत नाहीं. तो पंगतींतल्या सर्वांस थोडाथोडा वाढला जातो. त्याच वर्षींच्या ग्रॉस व ऑलिव्हर जॉन यांच्या अभ्यासांत, अर्थ बदलण्याची संवय असलेले लोक अधिक समाधानी व स्नेहसंबंधांत अधिक सुखी दिसले. न्यायास धरून हेंहि सांगितलें पाहिजे कीं २००७ सालच्या अभ्यासांत, आशियाई संस्कार मानणाऱ्या स्त्रियांस संयमाची ही किंमत कमी मोजावी लागते असें आढळलें. जेथें गप्प राहणें म्हणजे आदर असें दोन्ही पक्ष मानतात, तेथें तें तितकें टोंचत नाहीं. पण हा आदर दोन्हीकडून हवा.

मग राग सर्वस्वीं वाईटच काय? तसें नाहीं. माया तमीर व तिच्या सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत, ज्यांस झुंजीचा खेळ खेळावयाचा होता त्यांनीं आधीं चीड आणणारें संगीत ऐकणें पसंत केलें, आणि त्या चिडीनें त्यांचा खेळहि सुधारला. ज्या खेळांत दुसऱ्याची सेवा करावयाची होती तेथें मात्र तिचा उपयोग झाला नाहीं. अर्थात् मनुष्य केवळ सुखद भावनाच शोधीत नाहीं. काम साधण्यास जी उपयोगी पडेल ती तो शोधतो. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेंहि हेंच सांगितलें होतें कीं योग्य माणसावर, योग्य वेळीं, योग्य प्रमाणांत रागावणें ही कठीण विद्या आहे. खोटा राग मात्र उलटतो. वाटाघाटींत रागाचें सोंग घेणाऱ्यापुढें समोरचा पक्ष नमत नाहीं, उलट अधिकच अडून बसतो, असें २०१३ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. घरांतील मुलेंहि आजोबांचा खरा राग आणि खोटा राग यांतील भेद क्षणांत ओळखतात, हें आपण पाहतोंच.

आपल्या पूर्वजांसहि हें ठाऊक होतें. कौटिल्यानें राजाच्या शिक्षणांत काम, क्रोध, लोभ, मान, मद व हर्ष या सहांवरील जयास अग्रस्थान दिलें. आणि या यादींत हर्षहि आहे, हें ध्यानांत धरावें. अति आनंदांत दिलेलीं वचनें रागांत उच्चारलेल्या शब्दांइतकींच घातक ठरतात. कठोपनिषदांत शरीरास रथाची उपमा दिली आहे: बुद्धि सारथी, मन लगाम, इंद्रियें घोडे. त्या रूपकांत घोडे मारावेत असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. घोडे मेले तर रथ जागचा हलणार कसा?

येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें आम्हांस भाग आहे. एकत्र कुटुंबांत भावना आवरण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. वडील माणसाचा राग हा स्वभाव ठरतो, कर्त्या पुरुषाचा राग हा कामाचा ताण ठरतो, आणि धाकट्या सुनेचा राग हें मात्र वळण नसल्याचें लक्षण ठरतें! आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत विमानांतील परिचारिकांचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं दिवसभर हंसरा चेहरा ठेवणें हेंहि एक श्रमाचें काम आहे. परिचारिकेस त्याबद्दल वेतन तरी मिळतें. घरांतील स्त्रीच्या या श्रमाची नोंदहि होत नाहीं. ज्या घरांत एकीच्याच संयमावर शांतता टिकून आहे, तेथें तिला शांतता म्हणणें धाडसाचें होईल.

हीच गोष्ट पुरुषांच्या दुःखासहि लागू आहे. ज्या बुलढाणा जिल्ह्यांत दुसरबीड आहे, तो विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं शेतकरी-आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारास साहाय्याची योजना जाहीर करावी लागली त्यांपैकीं एक. कर्ज, नापिकी आणि बाजारभाव हीं या अरिष्टाचीं कारणें आर्थिक आहेत, आणि केवळ मनाच्या शिकवणीनें तीं दूर व्हावयाचीं नाहींत. पण कर्त्या पुरुषानें घरांत चिंता दाखवूं नये, या समजुतीनें त्या ओझ्यास एकांताचीहि जोड मिळते. पुरुष जेवावयास बसतो, मुलाची फी विचारतो, उद्यांच्या कामाचें बोलतो, आणि आंत काय चाललें आहे याचा पत्ता घरांतील दहा माणसांपैकीं एकासहि लागत नाहीं. यास संयम म्हणूं नये. बोलावयास घरांत कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि २०२२ सालापासून सर्वांस खुला आहे. आणि घरांत कोणी असेल तर त्यानें आपण होऊन विचारावें.

तेव्हां आमच्या वाचकांस आमची सूचना एवढीच आहे. भावना उसळली कीं तिला तीन प्रश्न विचारावे. ही मला कशाची वार्ता देत आहे? मला या प्रसंगीं साधावयाचें काय आहे? आणि तें साधण्यास ही भावना आहे तशी उपयोगी पडेल, कीं तिचा अर्थ व तिची वेळ बदलावी लागेल? मुलास "रडूं नको" म्हणण्याऐवजीं "कशानें रडूं आलें?" असें विचारावें, दुःखाचें नांव घेतां येऊं लागलें कीं तें आटोपतें होतें. सुनेच्या मौनाचा अर्थ तिची संमति असा धरूं नये. पत्र किंवा संदेश रागांत लिहिला तर तो रात्रभर तसाच ठेवून सकाळीं पुनः वाचावा, आणि मगच धाडावा.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहून अवघ्या ११ दिवसांनीं, १७ जून रोजीं, पाचाड येथें जिजाबाईंनीं देह ठेविला. दौलताबादच्या त्या दिवसापासून या दिवसापर्यंत जवळजवळ ४५ वर्षें लोटलीं होतीं. एवढा काळ एक दुःख न विझवितां, न भडकवितां, एका कामास जुंपून ठेवणें हें थोर खरें. परंतु त्याची सुरुवात कोणत्याहि घरांत, आज संध्याकाळच्या एखाद्या लहानशा रागापासून करतां येते.